सोनेगावची मध्यरात्र

नागपूरहून पुण्याला परतायचं माझं विमान पहाटे पावणेसहाचं होतं. धंतोलीत मावसभावाकडे लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, गच्चीपर्यंत गाद्या घातलेल्या. पहाटे तीनला माझ्यासाठी कुणीतरी उठणार, कुणीतरी चहा टाकणार, कुणीतरी गाडी काढणार, हे काही मनाला पटेना. म्हणून रात्रीची पंगत उठल्यावर अकराच्या सुमाराला मीच ऑटो केला. वर्धा रोडला लागल्यावर ऑटोवाला म्हणाला, "काका, विमान सकाळचं म्हणता, मग आतापासून काऊन जाऊन राहिले? तिथं रात्री काहीच नसते."

त्याचं खरं होतं. उड्डाणाला ठरावीक तास उरल्याशिवाय आत सोडत नाहीत. दारावरच्या जवानाने माझं तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे आणखी सहा-सात जण होते. अमरावतीहून शेवटच्या एसटीने आलेलं एक वयस्कर जोडपं, मुलाकडे निघालेलं. गडचिरोलीकडचे दोन तरुण. पहिल्यांदाच विमानात बसणार होते आणि उशीर होऊ नये म्हणून दुपारपासून शहरात येऊन थांबले होते. विमानतळावर रात्र काढतो तो बहुधा लांबून आलेला माणूस असतो. पहाटेच्या विमानाला जोडून पहाटेची बस नसते आणि एका रात्रीसाठी हॉटेलची खोली घेणं जिवावर येतं.

मी बाकावर पिशवी उशाशी घेऊन बसलो. 'तिथं रात्री काहीच नसते' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. कारण याच सोनेगावात माझ्या वडिलांनी अठरा वर्षं रात्री काढल्या. ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आरएमएसमध्ये होते. नाव रेल्वेचं, पण त्यांची पाळी लागायची विमानतळावर, आणि तीही रात्री. त्या काळी या देशात रात्री एक ते तीन या वेळात सगळ्यांत गजबजलेला विमानतळ कोणता, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर मुंबई किंवा दिल्ली असं आलं नसतं. ते नागपूर असं आलं असतं. ही गोष्ट आज नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नाही. गेल्या काही वर्षांत मी तिचा माग काढत आलो आहे, आणि त्या रात्री बाकावर बसल्या बसल्या तो सगळा पट पुन्हा डोळ्यांसमोरून गेला.

विमान रात्री झोपत असे तेव्हा

विमानप्रवासाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत विमानतळावर रात्र काढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रात्री विमानही थांबत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ जातीचं छोटं विमान उडवलं, अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरवलं. अहमदाबादचं ते इंधन बैलगाडीतून आलं होतं, हा तपशील आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो. पुढचा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. जुहूहून तेच टपाल पुढे मद्रासला नेलं नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने, आणि त्याला वाटेत बळ्ळारीला मुक्काम करावा लागला. अंधार पडला की पुढे जाणं शक्य नव्हतं. खाली दिवे नाहीत, बिनतारी संदेशाची सोय नाही, मैदान कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते दिसत नाही. त्यामुळे विमान, वैमानिक आणि टपाल, तिघांनीही बळ्ळारीत रात्र काढली.

यातून एक विचित्र हिशेब निर्माण झाला होता. विमान दिवसभरात आगगाडीच्या कितीतरी पुढे जाई. पण रात्री ते जमिनीवर आणि गाडी मात्र रुळांवर धावत असे. सकाळी विमान पुन्हा उठेपर्यंत गाडीने बरंच अंतर कापलेलं असे. दिवसा कमावलेला वेळ रात्री गमवायचा, अशी ही शर्यत. जगभरच्या टपालखात्यांना ही गोष्ट लवकर कळली. अमेरिकेत फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट नावाच्या टपाल वैमानिकाने नॉर्थ प्लॅटहून शिकागोपर्यंत रात्रभर विमान नेलं. वाटेत शेतकऱ्यांनी आणि टपालाच्या माणसांनी शेकोट्या पेटवून त्याला दिशा दाखवली होती. ओमाहाला त्याच्या जागी येणारा वैमानिक पोचलाच नाही, म्हणून पुढचा टप्पाही, कधी न पाहिलेल्या मार्गावरून, त्यानेच पार केला. त्यानंतर तिथे वाटेवर फिरते दिवे उभारले गेले आणि १९२४ च्या जुलैपासून रात्रीचं टपाल नियमित झालं. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच कंपनीने हाच प्रयोग केला. त्या अनुभवावरच सेंत-एक्झुपेरीची १९३१ सालची 'रात्रीचं उड्डाण' ही कादंबरी उभी आहे. काही तास वाचवण्यासाठी वैमानिकाचा जीव धोक्यात घालावा का, हा तिचा विषय. तो प्रश्न पुढे आपल्याकडेही आला. फक्त आपण त्यावर कादंबरी लिहिली नाही, समिती नेमली.

चार विमानं, एक गाव

स्वातंत्र्यानंतर दळणवळण खातं रफी अहमद किदवई यांच्याकडे आलं. किदवई हे धडाडीने निर्णय घेणारे मंत्री म्हणून ओळखले जात. युद्ध संपलेलं होतं. अमेरिकी सैन्याची डाकोटा विमानं भारतात स्वस्तात विकली गेली होती आणि ती घेऊन बऱ्याच नव्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. विमानं होती, वैमानिक होते. पुरेसे प्रवासी नव्हते. दुसरीकडे मुंबईहून कलकत्त्याला पत्र जायला मेल गाडीने दीड-दोन दिवस लागत. या दोन गोष्टी एकत्र आणणारी योजना जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाली, ती म्हणजे रात्रीची हवाई टपालसेवा.

तिची रचना कागदावर एका रेघेत मावते. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान आपापल्या भागाचं टपाल घेऊन निघे. चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई. आणि चारही विमानं आपापल्या घरी पहाटे परत जात. मुंबईचं विमान मुंबईलाच परते. पण जाताना त्याच्या पोटात दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची पत्रं असत. चार शहरं एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागले असते. इथे चारांत काम भागलं.

नागपूरच का, याचं उत्तर लोक शून्य मैलाच्या खांबाकडे बोट दाखवून देतात. तो खांब ब्रिटिशांच्या सर्वेक्षणाचा आहे. देशाचा नेमका मध्य तिथे आहे ही लोकांनी त्याला चिकटवलेली कथा. विमानांना त्या खांबाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना अंतरं महत्त्वाची होती. नागपूरहून हवाई अंतर मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८०. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या डाकोटाला मुंबईहून अडीच तास आणि कलकत्त्याहून साडेतीन तास. संध्याकाळची शेवटची पेटी उघडून, टपाल वर्गवारी करून विमानतळावर पोचवलं तरी चारही विमानं मध्यरात्रीनंतर एकत्र येऊ शकत होती आणि उजाडायच्या सुमाराला घरी पोचू शकत होती. शिवाय सोनेगावचं मैदान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झालेलं आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने विमानांच्या मुक्कामाचं ठाणं म्हणून वापरलेलं. धावपट्टी तयार होती.

१ एप्रिल १९४९ पासून दुसरी गोष्ट झाली. देशांतर्गत पत्रं आणि कार्डं, जिथे विमानाने लवकर पोचतील तिथे, जादा आकार न घेता विमानाने नेली जाऊ लागली. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. जगात बहुतेक ठिकाणी हवाई टपाल म्हणजे जादा पैसे, निळं पाकीट, वेगळं तिकीट. इथे कोकणातल्या आईने कलकत्त्यातल्या गिरणीत असलेल्या मुलाला लिहिलेलं साधं कार्ड, तिला कल्पनाही नसताना, मुंबईपासून पुढे विमानात चढत होतं. विमानात बसणं ज्यांच्या स्वप्नातही नव्हतं, त्यांचं अक्षर मात्र रोज रात्री नागपूरला विमान बदलत होतं.

विरोध कुणाचा आणि का

ही योजना सगळ्यांना आवडली असं नाही. तिला सगळ्यांत ठाम विरोध केला तो जे. आर. डी. टाटांनी, म्हणजे देशात हवाई टपाल ज्यांनी सुरू केलं त्यांनीच. त्यांचे आक्षेप दोन होते. एक सुरक्षेचा. रात्रीच्या उड्डाणासाठी वाटेवर दिवे, रेडिओची मदत, हवामानाची खात्रीची माहिती आणि उतरण्याची सुसज्ज सोय हवी. ती नसताना रोज रात्री चार विमानं उडवणं धोक्याचं आहे. दुसरा हिशेबाचा. टपालातून आणि स्वस्त तिकिटांतून या सेवेचा खर्च निघणार नाही. किदवईंना हा प्रस्थापितांचा अडेलपणा वाटला. दोघांतला वाद उघडपणे झाला. जुन्या, स्थिरावलेल्या कंपन्या मागे राहिल्या आणि काम नव्या, लहान कंपन्यांकडे गेलं. त्यांत मुख्य नाव हिमालयन एव्हिएशनचं.

या साऱ्या गोंधळात १९५० मध्ये सरकारने हवाई वाहतूक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचं अध्यक्षपदही त्यांनीच भूषवलं. देशात प्रवासी आहेत त्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, त्या एकत्र आणल्याशिवाय कुणीच टिकणार नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. मात्र लगेच राष्ट्रीयीकरण करावं असं तिने सुचवलं नव्हतं. सरकारने तीन वर्षांनी ते केलंच. १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. हिमालयन एव्हिएशनही त्यात विसर्जित झाली आणि नागपूरची मध्यरात्र सरकारी महामंडळाकडे आली.

आज वाचताना मला दोघांचंही पटतं, आणि तिथेच पंचाईत होते. किदवईंच्या डोळ्यांसमोर पत्राची वाट पाहणारा माणूस होता. टाटांच्या डोळ्यांसमोर अंधारात उतरणारा वैमानिक होता. दोघंही काही चुकीचं पाहत नव्हते.

एक ते तीन

माझ्या वडिलांसारखी माणसं मात्र या वादात कुणालाच दिसत नव्हती. ती जमिनीवर होती.

आमच्या घरात दिवस उलटा चालायचा. वडील सकाळी सातला सायकलवरून येत, आंघोळ करून वरणभात जेवत आणि खोली अंधारी करून झोपत. उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा ओला करायची पाळी माझी. आम्ही भावंडं कुजबुजत खेळायचो. शेजारच्या मुलांना वाटायचं, आमच्या घरी कुणीतरी कायम आजारी असतं. आई म्हणायची, "ह्यांच्या रात्रीवर आपला दिवस चालतो."

काम काय असे ते त्यांनी तुटक तुटक सांगितलेलं आहे. विमान उतरलं की थैल्या मोजून घ्यायच्या. प्रत्येक थैलीचं तोंड सुतळीने बांधलेलं, गाठीवर लाखेचं सील, गळ्यात पत्ता लिहिलेलं लेबल. सील तुटलं नाही ना, वजन यादीशी जुळतं ना, हे कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात पाहायचं. कलकत्त्याहून आलेल्या ढिगातून मुंबईच्या, दिल्लीच्या, मद्रासच्या थैल्या वेगळ्या काढायच्या आणि हातगाडीवरून त्या त्या विमानाकडे न्यायच्या. एखादं विमान धुक्यात किंवा पावसात अडकलं की बाकीच्यांचं काय करायचं, हा खरा ताण. तीन आली आणि चौथं नाही, तर थांबायचं किती? थांबलं तर तिन्ही शहरांची सकाळची वाटणी चुकते. नाही थांबलं तर चौथ्या शहराचं टपाल चोवीस तास मागे पडतं. चाराचं एक गणित असल्यामुळे एकाची चूक चौघांना भोवत असे.

आणि प्रवासी. या विमानांत टपालाबरोबर माणसंही असत. रात्रीचं तिकीट दिवसाच्या विमानापेक्षा स्वस्त. त्यामुळे विमानात पहिल्यांदा बसणारे पुष्कळ जण याच विमानात बसले. दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्याला मध्यरात्री नागपूरला उतरून विमान बदलावं लागे, अगदी थैलीसारखं. डाकोटा जमिनीवर उभं असताना शेपटीकडे कललेलं असतं. झोपेतून उठलेली माणसं त्या उतारावरून सावरत खाली येत. थंडीच्या दिवसांत सोनेगावच्या उघड्या माळावर गारठा काय असतो ते नागपूरकर जाणतात. १९५३ मध्ये तिथे नवी इमारत झाली. खाण्यापिण्याची सोय, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल आणि विमानं पाहायला येणाऱ्यांसाठी सज्जाही. पुस्तकांचा स्टॉल रात्री दोनला उघडा असण्याइतकी माणसं जिथे जमत, त्या जागेबद्दल सत्तर वर्षांनी एक ऑटोवाला मला सांगत होता, की तिथं रात्री काहीच नसते.

त्या सज्जात मी एकदाच उभा राहिलो आहे. चौथीत असेन. फार हट्ट केला म्हणून वडिलांनी एका शनिवारी रात्री सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. विमानं किती मोठी होती ते आठवत नाही, आवाज आठवतो. आणि आठवतं ते हे, की चारही दिशांनी आलेली माणसं एकाच छपराखाली चहा पीत होती आणि बंगाली, तमिळ, हिंदी, मराठी सगळं एकदम ऐकू येत होतं. मला झोप अनावर झाली. वडिलांनी मला रिकाम्या थैल्यांच्या ढिगावर निजवलं. त्या जाड कापडाचा आणि लाखेचा वास मला अजून येतो.

दोन डिसेंबर

वडिलांची एक सवय होती. रात्रीचं शेवटचं विमान उठलं की त्याच्या कागदांवर ते लगेच सही करत नसत. बाहेर येऊन उभे राहत, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबत आणि मग आत जाऊन सही करत. सहकारी चेष्टा करायचे. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही. मला ते पुढे जुनी वृत्तपत्रं चाळताना कळलं.

१२ डिसेंबर १९५३. राष्ट्रीयीकरणाला साडेचार महिनेही झाले नव्हते. सोनेगावहून उठलेलं डाकोटा उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमानतळाजवळ कोसळलं आणि पेटलं. विमानात चौदा माणसं होती; तेरा गेली. वाचला तो एकटा वैमानिक. टाटांनी चार वर्षांपूर्वी जो धोका सांगितला होता त्याचा हा थेट पुरावा आहे, असं मी म्हणणार नाही; एका अपघाताला अनेक कारणं असतात आणि दिवसाही विमानं पडत होती. पण पत्र एक दिवस लवकर पोचावं यासाठी ठरवलेल्या व्यवस्थेची किंमत कुठेतरी कुणीतरी भरत होतं, हे त्या रात्री सोनेगावच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या रात्री त्यांना पुन्हा थैल्या मोजायला उभं राहायचं होतं.

दुसरा डिसेंबर १९५६ चा. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन झालं. त्यांचं पार्थिव त्याच रात्री विमानाने मुंबईकडे निघालं आणि वाटेत सोनेगावला उतरलं. नागपुरात धम्मदीक्षा होऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मधे अवघे त्रेपन्न दिवस. ज्या शहराने त्यांना १४ ऑक्टोबरला लाखोंच्या साक्षीने पाहिलं होतं, त्या शहरातली माणसं मध्यरात्री विमानतळावर शेवटच्या दर्शनासाठी जमली होती. विमान पुढे मुंबईला गेलं आणि ७ डिसेंबरच्या पहाटे सांताक्रूझला उतरलं. तिथून दादरच्या चौपाटीपर्यंतची गोष्ट सर्वांना माहीत आहे. मधला नागपूरचा थांबा मात्र मुंबईच्या महासागरापुढे थोडक्यात आटोपला जातो.

सोनेगावच्या विमानतळाला २००५ मध्ये बाबासाहेबांचं नाव दिलं गेलं. ते नाव दीक्षाभूमीच्या शहराला साजेसं आहेच. पण त्या माळाचं आणि त्या नावाचं आणखी जवळचं नातं त्या एका रात्रीचं आहे, असं मला वाटतं. तिथे वाट पाहत उभे असलेल्यांपैकी बहुतेकांनी विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तरीही विमानतळावर काढलेली ती रात्र त्यांची होती.

एक बंद झालं, एक सुरू झालं

डाकोटांच्या जागी पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर विमानं आली. मग जेटचा काळ सुरू झाला. १९६४ मध्ये कॅरव्हेल आली, सत्तरीच्या सुरुवातीला बोइंग ७३७. दिल्ली ते मद्रास थेट जाता येऊ लागलं, संध्याकाळी निघून रात्री पोचता येऊ लागलं. मध्ये नागपूरला उतरायचं कारण उरलं नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. अनेक लिप्यांतले पत्ते वाचणाऱ्या डोळ्यांचं काम आता सहा आकडे करू लागले. वर्षभराने, ऑक्टोबर १९७३ मध्ये, रात्रीची हवाई टपालसेवा बंद झाली. जवळपास पंचवीस वर्षं चाललेली गोष्ट.

त्याच वर्षी १७ एप्रिलला अमेरिकेत मेम्फिस या गावी एका नव्या कंपनीने काम सुरू केलं होतं. चौदा छोटी विमानं, पहिल्या रात्री १८६ पार्सलं, पंचवीस शहरं. सगळी विमानं रात्री मेम्फिसला येणार, तिथे पार्सलांची अदलाबदल होणार आणि पहाटे आपापल्या शहरी परतणार. ती कंपनी म्हणजे फेडरल एक्स्प्रेस. हे प्रारूप आज व्यवस्थापनाच्या वर्गांत चाकाची आस आणि आरे यांची उपमा देऊन शिकवलं जातं. त्यांनी नागपूरचं पाहून केलं, असा दावा मी करत नाही; तशी गरजही नाही. एवढंच नोंदवायचं, की जी कल्पना १९७३ मध्ये तिकडे क्रांतिकारक ठरली, तिचं चोवीस वर्षांचं रोजचं प्रात्यक्षिक विदर्भातल्या एका माळावर होऊन गेलं होतं आणि त्याच वर्षी आपण ते गुंडाळून ठेवलं. पुढे एकविसाव्या शतकात मिहानच्या निमित्ताने नागपूरला मालवाहतुकीचं मोठं केंद्र करायची भाषा सुरू झाली, तेव्हा नकाशावर पुन्हा तीच अंतरं मोजली गेली.

फरक एका गोष्टीत आहे. मेम्फिसला येणाऱ्या पार्सलासाठी कुणीतरी घाईचे पैसे मोजलेले असतात. सोनेगावला येणाऱ्या कार्डासाठी कुणीही जादा पैसे मोजलेले नव्हते. ती घाई सरकारने सगळ्यांच्या वतीने ठरवली होती आणि तिची रात्र माझ्या वडिलांसारख्यांनी काढली होती.

पहाट

पावणेतीनला जवानाने हाक मारून आत जायला सांगितलं. अमरावतीच्या आजी बाकावरच झोपल्या होत्या. आजोबांनी त्यांना हलकेच उठवलं. गडचिरोलीच्या पोरांनी मला विचारलं, "काका, पट्टा कुठं बांधायचा असते, विमानात बसल्यावर सांगतात का?" मी म्हटलं, सांगतात, आणि नाही कळलं तर शेजारच्याला विचारायचं. आतला स्टॉल नुकताच उघडत होता. कॉफी घेतली. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती.

आजही रात्री विमानं विमानतळावर मुक्कामाला असतात आणि पहाटे सर्वांत आधी तीच उठतात. विमान जमिनीवर जितकं कमी राहील तितकं ते कमावतं, म्हणून पहिलं उड्डाण अंधारातच ठेवायचं. त्या वेळेसाठी माणसांनी रात्र कुठे काढायची, हा त्या हिशेबाचा भाग नाही. १९४९ चा हिशेबही माणसांसाठी नव्हता, टपालासाठी होता. तरी त्यात विश्रांतीच्या खोल्या होत्या, रात्री दोनला चहा होता, पुस्तकं होती. विमानतळावरची रात्र ही कुणीतरी ठरवलेली असते, कुणाची तरी सकाळ वाचवण्यासाठी. ती कुणाच्या अंगावर पडते ते पाहिलं की त्या काळाने काय महत्त्वाचं मानलं ते कळतं.

वडील विमानात कधीच बसले नाहीत. निवृत्तीनंतर मी एकदा तिकीट काढतो म्हणालो, तर म्हणाले, "मला त्याचं पोट ठाऊक आहे, पाठ पाहून काय करू?" ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो. तार यायला दीड दिवस लागला.

विमान वेळेवर उठलं. खिडकीतून वर्धा रोडचे दिवे दिसले, मग तेही मागे गेले. पूर्वेला जरासं फटफटत होतं. खाली, त्या वेळेला, वडील आवाज विरेपर्यंत बाहेर उभे असत. मी घड्याळ पाहिलं आणि आवाज किती वेळ ऐकू येत असेल त्याचा अंदाज करत बसलो.